शेवटचा सामुराई आणि पहिला शिक्षक : हाकोदातेच्या लढाईची खरी गोष्ट



या व्याख्यानमालेत आजवर पानिपत झाले, उत्तर पेशवाई झाली, महादजींवर तर दोन-तीनदा बोलून झाले. यंदा मी जपानचा विषय घेतला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला सरळ विचारले, "अहो, आपल्या ग्वाल्हेरकरांना त्या जपान्यांचे काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी ओघात देईन. सुरुवात मात्र एका चित्रपटापासून करतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो तिथूनच.

२००३ साली एडवर्ड झ्विक या दिग्दर्शकाचा 'द लास्ट सामुराई' हा चित्रपट आला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. तरुण मंडळींना तर जपानचा इतिहास म्हटला की तेवढाच आठवतो. टॉम क्रूझने त्यात नेथन ऑल्ग्रेन या अमेरिकी कॅप्टनची भूमिका केली आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कत्तलीत भाग घेतल्याने तो मनातून खचला आहे आणि दारूच्या आहारी गेला आहे. १८७६ मध्ये जपानी सरकार आपल्या नव्या फौजेला कवायत शिकवण्यासाठी त्याला पगारावर आणते. पहिल्याच चकमकीत तो बंडखोर सामुराईंच्या हाती सापडतो, त्यांच्या डोंगरातल्या गावात एक हिवाळा काढतो आणि पुढे त्यांचाच होऊन जातो. केन वातानाबेने रंगवलेला त्यांचा नायक कात्सुमोतो बंदुकीला हात लावत नाही. शेवटी तलवारी परजून निघालेल्या घोडदळाचा यंत्रतोफांपुढे चेंदामेंदा होतो. सगळे मरतात आणि परदेशी कॅप्टन तेवढा वाचतो.

चित्रपट देखणा आहे, हे मी आधीच कबूल करतो. त्यातले बरेचसे डोंगर न्यूझीलंडचे आहेत, त्याबद्दलही तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या कथेत दोन खऱ्या हकिगती एकमेकींत शिवल्या आहेत आणि शिवताना दोन्हींतला जो भाग सर्वांत अवघड, सर्वांत विचार करायला लावणारा होता, तोच नेमका कातरून टाकला आहे. पहिली हकिगत १८६८-६९ ची, एका फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याची. दुसरी १८७७ ची, साईगो ताकामोरीच्या बंडाची. परदेशी सैनिक पहिल्या हकिगतीतला आहे, सामुराईंचा शोकान्त नायक दुसरीतला. या दोघांनी एका बाजूने कधी लढाई केली नाही. उलट परदेशी अधिकारी ज्या पक्षाकडून लढला, त्या पक्षाला धुळीला मिळवणाऱ्या सेनापतींपैकी अग्रगण्य सेनापती हा साईगोच होता.

त्या फ्रेंच अधिकाऱ्याचे नाव जूल ब्रुने. जन्म जानेवारी १८३८, गाव बेलफोर. पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये शिकला, तोफखान्यात भरती झाला, मेक्सिकोच्या मोहिमेत लढून आला. हात चित्रकाराचा होता. जिथे जाई तिथली माणसे, पोशाख, किल्ले वहीत उतरवून घेई. जपानमध्ये त्याने काढलेली रेखाचित्रे आज इतिहासकारांना साधन म्हणून उपयोगी पडतात.

त्याला जपानमध्ये का पाठवले, हे समजण्यासाठी त्या वेळची स्थिती दोन शब्दांत सांगतो. अडीच शतके देशाचा कारभार तोकुगावा घराण्याच्या शोगूनकडे होता आणि सम्राट क्योतोमध्ये नावापुरता होता. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, ही व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. तुलना थोडी ओबडधोबड आहे, पण चालेल. १८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजे एदोच्या उपसागरात आली आणि दार उघडावे लागले. मग नैऋत्येकडील सात्सुमा आणि चोशू या दोन बलाढ्य जहागिरी सम्राटाचे नाव पुढे करून शोगूनविरुद्ध उठल्या. त्यांचे सूत इंग्रजांशी जमले. फ्रान्सचा वकील लेऑं रोश याने शोगूनचा हात धरला. शेवटचा शोगून तोकुगावा योशिनोबू हा हुशार माणूस होता. फ्रेंचांच्या मदतीने आपली फौज नव्या धर्तीवर उभी करावी, असे त्याने ठरवले.

जानेवारी १८६७ मध्ये कॅप्टन शानवान याच्या हाताखाली फ्रेंच लष्करी शिष्टमंडळ योकोहामाला उतरले. त्यात अवघी दीड डझनाच्या आसपास माणसे होती. कुणी पायदळाचा, कुणी घोडदळाचा, आणि ब्रुने तोफखान्याचा. शिकवायला त्यांना सव्वा-दीड वर्षच मिळाले. पण या थोड्या काळात 'देन्शूताई' नावाची एक चांगली कवायती पलटण तयार झाली. मराठी माणसाला 'कवायती पलटण' हा शब्द नवा नाही आणि ग्वाल्हेरच्या माणसाला तर मुळीच नाही.

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. आपण ज्या भागाला 'लष्कर' म्हणतो तो दौलतरावांच्या छावणीतून उभा राहिला. त्या छावणीतले सर्वांत नावाजलेले सैन्य सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावच्या दि बॉइन याने महादजींसाठी १७८४ पासून पुढे उभे केले होते. दि बॉइनने शिंद्यांची नोकरी इमानाने केली. पण इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, ही अट त्याने आधीच घातली होती. पुढे तो अमाप पैसा घेऊन युरोपात परतला आणि शांबेरीत त्याच्या स्मरणार्थ हत्तींचे कारंजे उभे राहिले. त्याच्या जागी आलेला पेराँ १८०३ मध्ये ऐन युद्धात नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिंद्यांच्या चाकरीतल्या कितीतरी इंग्रजी अधिकाऱ्यांनीही तेच केले. असई आणि लासवारीला जे लढले आणि मेले ते साधे शिपाई, ज्यांना जायला दुसरीकडे जागा नव्हती. तेव्हा परक्या देशातून येऊन आपल्या माणसांना बंदूक धरायला शिकवणारा शिक्षक शेवटच्या दिवशी कुठे उभा राहतो, हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. ब्रुनेची गोष्ट मी त्यासाठी निवडली.

योशिनोबूने नोव्हेंबर १८६७ मध्ये आपण होऊन सत्ता सम्राटाला परत केली. नव्या व्यवस्थेत आपले वजन राहील, अशी त्याची अटकळ होती. ती चुकली. जानेवारी १८६८ च्या अखेरीस क्योतोजवळ तोबा आणि फुशिमी येथे लढाई झाली. शोगूनचे सैन्य संख्येने जवळजवळ तिप्पट होते, पण नियोजन ढिसाळ होते. त्यातच समोरच्या फौजेत सम्राटाचा जरीचा ध्वज दिसला आणि आपण राजद्रोही ठरलो, या जाणिवेने अनेकांचे पाय लटपटले. योशिनोबूने ओसाकाच्या किल्ल्यात आपले सैन्य तसेच मागे ठेवले आणि रातोरात जहाजाने एदो गाठले. काही आठवड्यांनी त्याने शरणागती पत्करली. एदो शहर लढाईविना हाती आले. शोगूनतर्फे कात्सु काइशू आणि सम्राटपक्षातर्फे साईगो यांनी बसून ती बोलणी केली आणि लाखोंच्या वस्तीचे शहर जळता जळता वाचले. साईगोचे हे काम मला त्याच्या पुढच्या बंडापेक्षा मोठे वाटते, पण शहर न जाळल्याबद्दल कुणी कुणावर चित्रपट काढत नाही. योशिनोबू मात्र पुढे १९१३ पर्यंत सुखाने जगला. त्याला छायाचित्रणाचा आणि सायकलचा नाद होता. ज्यांनी त्याच्यासाठी प्राण दिले त्यांच्याविषयी तो फारसे बोलल्याचे दिसत नाही.

धनी शरण गेला, पण चाकर गेले नाहीत. आइझू या ईशान्येकडील जहागिरीने शस्त्र खाली ठेवायला नकार दिला आणि उत्तरेतल्या जहागिरींनी तिच्याभोवती संघ बांधला. शोगूनचे आरमार एनोमोतो ताकेआकी याच्या ताब्यात होते. हा गृहस्थ हॉलंडमध्ये पाच वर्षे राहून नौकानयन आणि सागरी कायदा शिकून आला होता. त्यानेही जहाजे द्यायला नकार दिला आणि आठ जहाजे घेऊन उत्तरेकडे निघाला.

इकडे परदेशी सत्तांनी तटस्थता जाहीर केली होती. फ्रेंच शिष्टमंडळाला परत फिरण्याचा हुकूम झाला. ब्रुनेपुढे सरळ प्रश्न होता. ज्यांना गेले वर्षभर तोफ लावायला, नेम धरायला शिकवले, ती पोरे लढायला निघाली आहेत आणि आपण सामान बांधायचे. ऑक्टोबर १८६८ च्या सुरुवातीला योकोहामाला इटलीच्या वकिलातीत वेषांतराचा नृत्यसमारंभ होता. त्या गर्दीचा फायदा घेऊन ब्रुने आणि त्याचा सोबती काझनव निसटले आणि एनोमोतोच्या आरमारात दाखल झाले. मागे दोन पत्रे ठेवली होती. एक शानवानच्या नावे, राजीनाम्याचे. दुसरे थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनला. त्या दुसऱ्या पत्राचा आशय असा होता की उत्तरेचा पक्ष हा फ्रान्सचा मित्र आहे, आपल्या शिष्यांपैकी हजारभर अधिकाऱ्यांच्या बळावर आपण संघाच्या पन्नास हजार सैनिकांना दिशा देऊ शकतो, आणि फ्रान्सचे काम आपण एकट्याने पुढे चालवू.

या पत्रात शिष्यांवरचे प्रेम आहे, यात शंका नाही. पण त्यात महत्त्वाकांक्षाही आहे आणि 'या पूर्वेकडच्या लोकांना मार्ग दाखवणारा मीच' हा भावही आहे. चित्रपटातला ऑल्ग्रेन जपान्यांकडून शिकायला बसतो, आणि प्रेक्षकाला ते आवडते. खरा ब्रुने शिकवायलाच बसला होता आणि शेवटपर्यंत शिकवतच राहिला. त्याला सामुराईंच्या तलवारीचे वेड लागलेले नव्हते. त्याला त्यांच्या हातात अधिक चांगली तोफ द्यायची होती.

पन्नास हजारांचे काय झाले? आरमार सेंदाईला पोहोचेपर्यंत उत्तरेचा संघ विस्कटत आला होता. आइझूच्या किल्ल्याला महिनाभर वेढा पडला होता. त्या वेढ्यात 'ब्याक्कोताई' म्हणजे पांढऱ्या वाघांच्या तुकडीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी टेकडीवरून गावातला धूर पाहिला. किल्ला पडला असे समजून त्यांनी पोटात शस्त्रे खुपसून घेतली. एकोणीस मुले गेली. किल्ला त्या दिवशी पडलेला नव्हता. नोव्हेंबर १८६८ मध्ये आइझूने शरणागती दिली. एनोमोतो आणि ब्रुनेच्या हाती उरले सुमारे तीन हजार लोक. ते घेऊन वर्षाच्या अखेरीस ते एझो बेटावर उतरले. आजचे होक्काइदो ते हेच.

तिथल्या हाकोदाते बंदरालगत गोर्योकाकू नावाचा किल्ला आहे. पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा. तो शोगूनच्याच राजवटीत ताकेदा आयासाबुरो या विद्वानाने युरोपीय किल्ल्यांची पुस्तके अभ्यासून आखला आणि १८६६ मध्ये तो पुरा झाला. डोळ्यांपुढे सिंहगड-रायगड असणाऱ्या आपल्यासारख्यांना तो किल्ला वाटणारच नाही. सपाट जमीन, उतरते मातीचे तट आणि भोवती पाण्याचा खंदक. तोफेच्या गोळ्याला आदळायला उंच भिंत मिळू नये, असा त्यामागचा विचार. आज तिथे बाग आहे आणि वसंतात चेरी फुलते.

या बेटावर एनोमोतोच्या लोकांनी जे केले ते जपानच्या इतिहासात त्याआधी झाले नव्हते. अधिकाऱ्यांनी मते देऊन आपला प्रमुख निवडला. एनोमोतो निवडून आला. याला पुढे 'एझोचे प्रजासत्ताक' असे भारदस्त नाव मिळाले, पण त्या नावाने भुलू नये. मत फक्त वरच्या दर्जाच्या लोकांना होते. त्या बेटाच्या मूळ ऐनू रहिवाशांना कुणी काही विचारले नाही. शिवाय एनोमोतो सम्राटाकडे अर्ज करतच होता, की पदच्युत तोकुगावांच्या पोटापाण्याविना झालेल्या चाकरांना हे बेट कसायला द्यावे, आम्ही उत्तर सीमा राखू. अर्ज फेटाळला गेला. थोडक्यात, ते राज्य कमी आणि निर्वासितांची छावणी जास्त होती.

सैन्याचा प्रमुख ओतोरी केइसुके, त्याच्या खालोखाल ब्रुने. फौजेचे चार भाग केले आणि प्रत्येकावर एक फ्रेंच हुद्देदार नेमला. सैन्यात आणखी एक माणूस होता, त्याच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. त्याचे नाव हिजिकाता तोशिझो. क्योतोमध्ये शोगूनच्या बाजूने पोलिसी काम करणाऱ्या 'शिन्सेन्गुमी' या धाक बसवणाऱ्या तुकडीचा तो उपप्रमुख होता. कडक शिस्तीचा. चुकलेल्या सहकाऱ्याला पोट फाडून घ्यायला लावणारा. जन्माने मात्र तो सामुराई नव्हता. एदोजवळच्या तामा भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरच्या औषधाच्या पुड्या गावोगाव विकत फिरलेला. हाकोदातेला काढलेले त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात शेंडी कापलेली, अंगात युरोपीय कोट, पायांत लांब बूट आणि कमरेला तलवार. चित्रपटात दिसणारे चिलखत आणि शिंगांची शिरस्त्राणे या खऱ्या शेवटच्या लढवय्यांनी केव्हाच टाकून दिली होती.

एनोमोतोच्या आरमाराची शान म्हणजे हॉलंडमध्ये बांधलेले 'काइयो मारू'. एसाशीच्या किनाऱ्यावर वादळात ते खडकांवर चढले आणि बुडाले. लढाईत नव्हे, वाऱ्याने. दुसरीकडे सम्राटपक्षाच्या हाती 'कोतेत्सु' हे लोखंडी कवचाचे जहाज आले. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ते बांधले गेले फ्रान्समध्ये, बोर्दोला, अमेरिकेतल्या दक्षिणेच्या बंडखोर संस्थानांसाठी. ते अमेरिकेच्या बाजूला पोहोचेस्तोवर तिथले यादवी युद्ध संपले. मग ते शोगूनने विकत घेतले. जपानला आले तेव्हा इथे युद्ध सुरू, म्हणून अमेरिकेने तटस्थता सांगून ते अडकवून ठेवले आणि १८६९ मध्ये नव्या सरकारच्या स्वाधीन केले. म्हणजे फ्रेंच अधिकारी एका बाजूला आणि फ्रान्समध्ये बांधलेले जहाज दुसऱ्या बाजूला.

ते जहाज पळवून आणण्याचा एक अचाट बेत झाला. ६ मे १८६९ च्या पहाटे 'काइतेन' हे जहाज अमेरिकेचे निशाण लावून मियाको उपसागरात शिरले. अगदी जवळ गेल्यावर निशाण बदलले आणि कोतेत्सुला धडक दिली. पण काइतेनचा तक्ता कोतेत्सुपेक्षा कितीतरी उंच होता. उड्या टाकताना माणसे एकदम उतरू शकेनात, एकेक करून खाली पडू लागली. आणि खाली गॅटलिंगची यंत्रतोफ फिरत होती. काइतेनचा कप्तान कोगा गेन्गो मारला गेला. अर्ध्या तासाच्या आत सारे संपले. यंत्रतोफेपुढे सामुराईंनी घेतलेली धाव चित्रपटाच्या शेवटी येते. इतिहासात ती आहे ती इथे, जहाजाच्या तक्त्यावर, कोट-पाटलोण घातलेल्या माणसांची. बेतात सामील झालेल्या दुसऱ्या जहाजावर कोलाश नावाचा फ्रेंच आरमारी तरुण होता. ते जहाज किनाऱ्याला लागले, तो पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि पुढे माफी मिळून तो मायदेशी गेला.

मग सरकारी फौजा बेटावर उतरल्या. महिनाभर हाकोदातेच्या आसपास लढाई चालली. शेवट दिसू लागला तेव्हा, अखेरचा हल्ला होण्याआधी, ब्रुने आणि त्याचे साथीदार बंदरात उभ्या असलेल्या 'कोएतलोगाँ' या फ्रेंच जहाजावर चढले.

इथे मी जरा थांबतो. ब्रुनेला दोष देणे सोपे आहे. पण त्याने पेराँसारखे शत्रूला जाऊन मिळणे पत्करले नाही आणि दि बॉइनसारखी आधी अटही घातली नाही. पद, पगार, मायदेशातली अब्रू हे सारे पणाला लावून तो आठ-नऊ महिने त्या थंडीत लढला. आणि तरीही, त्याच्यासाठी एक जहाज होते. हिजिकातासाठी नव्हते. परदेशी शिक्षकाच्या इमानाला कितीही खोली असली तरी तिला एक तळ असतो, आणि तो तळ म्हणजे बंदरात नांगरलेले स्वतःच्या देशाचे जहाज. चित्रपटाने हे जहाजच गाळून टाकले. म्हणून तिथे परदेशी नायक सामुराईंपेक्षाही अधिक सामुराई होऊ शकतो.

२० जून १८६९ रोजी हाकोदाते गाव सरकारी फौजेने घेतले. किल्ल्याबाहेर अडकलेल्या सोबत्यांना सोडवायला हिजिकाता घोड्यावरून निघाला आणि गोळी लागून पडला. त्याने काही दिवस आधीच आपल्या कोवळ्या वयाच्या सेवकाकडे ते छायाचित्र देऊन त्याला लढाईतून बाहेर, घरच्या लोकांकडे पाठवून दिले होते. म्हणून ते आज आपल्याला पाहायला मिळते. आठवडाभराने एनोमोतो शरण गेला. जाण्याआधी त्याने हॉलंडहून आणलेला सागरी कायद्यावरचा ग्रंथ शत्रूचा सेनापती कुरोदा कियोताका याच्याकडे पाठवला. किल्ल्यासोबत तो जळू नये, देशाला पुढे त्याचा उपयोग होईल, एवढेच त्याचे म्हणणे होते. कुरोदाने उलट दारूची पिंपे पाठवली. पुढे एनोमोतोचा प्राण वाचावा म्हणून कुरोदाने स्वतःचे डोके भादरून घेतले. १८७२ मध्ये एनोमोतो सुटला, १८७५ मध्ये रशियाशी सीमेचा तह त्यानेच केला आणि पुढे तो अनेक खात्यांचा मंत्री झाला.

ब्रुनेचे फ्रान्समध्ये फारसे वाकडे झाले नाही. जपानी सरकारने शिक्षेची मागणी केली होती, पण लोकमत त्याच्या बाजूने होते. थोडीशी शिक्षा झाली आणि १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध सुरू होताच तो सैन्यात परत आला. मेत्झला कैद झाला. सुटून आल्यावर १८७१ मध्ये पॅरिसमधल्या कम्यूनच्या बंडखोरांना चिरडणाऱ्या सरकारी सैन्यात तो होता. जपानमध्ये सरकारविरुद्ध उठलेल्यांच्या बाजूने जीव धोक्यात घालणारा माणूस दोन वर्षांत स्वतःच्या राजधानीत उठलेल्यांवर चालून गेला. यात त्याला काही विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. त्याला बंड प्रिय नव्हतेच. त्याची बांधिलकी त्याच्या शिष्यांशी होती, फार तर शिस्तीशी. पुढे तो जनरल झाला. १८९८ मध्ये जुना वरिष्ठ शानवान फ्रान्सचा युद्धमंत्री झाला तेव्हा ब्रुने त्याच्या कार्यालयाचा प्रमुख होता. आणि १८८० च्या दशकात जपानच्या सरकारने, ज्याच्याविरुद्ध तो लढला होता त्याच सरकारने, त्याला उगवत्या सूर्याचे मानचिन्ह दिले. १९११ मध्ये तो वारला.

आता दुसरी हकिगत. ती थोडक्यात सांगतो, कारण ती अधिक परिचित आहे. नव्या सरकारने १८७१ मध्ये जहागिरी खालसा केल्या, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणली, १८७६ च्या मार्चमध्ये तलवार बाळगायला बंदी केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सामुराईंचे तनखे बंद करून त्याऐवजी सरकारी रोखे हातावर ठेवले. सरंजाम, इनाम आणि वतने गेलेल्या घरांतून आलेल्या आपल्या मंडळींना त्या रोख्यांचे पुढे काय झाले असेल ते सांगावे लागणार नाही. साईगो १८७३ मध्ये सरकारातून बाहेर पडून कागोशिमाला गेला होता. १८७७ च्या जानेवारीत सरकार तिथला दारूगोळा गुपचूप हलवू लागले, तेव्हा त्याच्या शाळांतल्या तरुणांनी कोठारे लुटली. साईगोच्या खुनाचा कट झाल्याची बातमी पसरली होती. मग तो निघाला. फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, बारा-पंधरा हजार माणसे घेऊन, अंगात सेनापतीचा युरोपीय गणवेश घालून. त्याच्या लोकांकडे बंदुका होत्या, तोफा होत्या. तलवारीवर वेळ आली ती काडतुसे संपल्यावर.

कुमामोतोचा किल्ला त्यांना पन्नास दिवस वेढा घालूनही घेता आला नाही. आत होते शेतकऱ्यांचे भरती केलेले पोरगे. तबारुझाकाच्या चढावर सतरा दिवस झुंज झाली. तिथली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. हातघाईत सामुराईंच्या तलवारीपुढे भरतीचे शिपाई डगमगू लागले, तेव्हा सरकारने पोलिसांतून तलवारबाजांची एक तुकडी काढली. त्या पोलिसांत बरेच जण जुने सामुराई होते, आणि त्यांत आइझूचेही होते. नऊ वर्षांपूर्वी सात्सुमाच्या लोकांनी ज्यांची घरे जाळली होती ते. 'बोशिनचा सूड' अशी आरोळी देत ते सात्सुमाच्या लोकांवर तुटून पडले, असे सांगतात. म्हणजे तलवार घेऊन धावणारे सरकारचे आणि बंदुकीने उत्तर देणारे बंडखोर, असेही दृश्य त्या चढावर दिसले असणार. चित्रपटातली जुने विरुद्ध नवे ही मांडणी इथे पार उलटीपालटी होते. पुढे या तुकडीवर एक गीत रचले गेले आणि त्याला चाल दिली ती जपानी सैन्याच्या वाद्यवृंदाला शिकवायला आलेल्या शार्ल लरू या फ्रेंच माणसाने. होय, पुन्हा फ्रेंच. शोगूनची फौज शिकवणाऱ्या देशालाच नव्या सरकारने १८७२ मध्ये दुसरे शिष्टमंडळ पाठवायला सांगितले होते. ही जागा चित्रपटाने अमेरिकनांना देऊन टाकली आहे.

२४ सप्टेंबर १८७७ च्या पहाटे कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर चारशेच्या आतबाहेर माणसे उरली होती. उतरताना साईगोला गोळी लागली आणि त्याच्या सोबत्याने त्याचे मस्तक उतरवले. या युद्धात दोन्हींकडचे मिळून बारा हजारांहून अधिक लोक मेले. सरकारला सुमारे चार कोटी येन खर्च आला आणि पुढची काही वर्षे महागाईने जनता पोळली. १८८९ मध्ये साईगोला मरणोत्तर माफी मिळाली. १८९८ मध्ये तोक्योच्या उएनो बागेत त्याचा पुतळा बसला. अंगात साधा किमोनो, बरोबर कुत्रा. गणवेश वगळला, कारण गणवेशातला साईगो हा बंडखोर होता आणि कुत्र्याबरोबरचा साईगो सर्वांचा.

हाकोदातेच्या मृतांना इतक्या लवकर कुणी पोटाशी धरले नाही. लढाई संपल्यावर शोगूनपक्षाची प्रेते रस्त्यांवर आणि खंदकांत तशीच पडून होती. राजद्रोह्यांना मूठमाती देऊ नये, असा दंडक होता. यानागावा कुमाकिची नावाचा एक माणूस त्या गावात होता. सामुराई नव्हे, मजुरांच्या टोळ्या बाळगणारा, जुगाराच्या अड्ड्यांतही वावर असलेला, दांडगा म्हणून ओळखला जाणारा. त्याने आपल्या माणसांना घेऊन ती प्रेते गोळा केली आणि पुरली. १८७५ मध्ये हाकोदातेच्या डोंगरावर त्यांचे स्मारक उभे राहिले. त्याचे नाव 'हेक्केत्सु-ही'. इमानी माणसाचे रक्त जमिनीत पुरले तर तीन वर्षांनी त्याचे पाचू होते, अशी चीनमधली जुनी समजूत आहे, त्यावरून ते घेतले. उंच दगड आहे. ही माणसे कोण, कुणासाठी मेली, हे त्यावर उघड लिहिलेले नाही. १८७५ मध्ये ते लिहिणे शक्य नव्हते.